बिनयूचा क्यू

सानगडीच्या पानठेल्यावर ‘क्यू’ हा शब्द कानावर पडला, की परगावचा माणूस उगाच रांग शोधू लागतो. गावातला माणूस शोधत नाही. गुरुजी आले आहेत, त्यांच्या काखेत वही आहे आणि खर्रा घोटून हातात पडेपर्यंत आपली सुटका नाही, एवढं त्याला कळलेलं असतं.

गुरुजींना नाव आहे, पण ते पेन्शनच्या कागदावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलं, तेव्हा ते नुसते ‘गुरुजी’ होते. निवृत्तीनंतर ‘क्यूगुरुजी’ झाले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निळं शब्द लिहायला, लाल ते तपासायला. स्वतःच लिहिलेला शब्द स्वतःच लाल पेनाने तपासून त्याखाली तारखेसह सही ठोकणारा दुसरा माणूस साकोली तालुक्यात नसावा.

ही जात एकट्या सानगडीची नाही. मुंबईच्या लोकलमध्ये ती सापडते, पुण्याच्या पार्कातल्या बाकावर सापडते, न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या आजोबांमध्येही सापडते. शब्दाकडे ही माणसं अर्थासाठी जात नाहीत, अक्षरांसाठी जातात. तुम्ही ‘क्विझ’ म्हणालात तर तुमच्या डोळ्यांपुढे प्रश्न येतात. यांच्या डोळ्यांपुढे दहा गुणांचा एक क्यू आणि दहा गुणांचा एक झेड येतो, मधले यू आणि आय निव्वळ सोबतीला. लग्नपत्रिका वाचून ‘पत्रिकेत एक्स नाही’ एवढाच अभिप्राय देणारे हेच. फक्त शहरात अशा माणसाला छंद असतो आणि सानगडीत त्याला ‘गुरुजीचं डोकं जरा...’ एवढं म्हणून वाक्य अर्धं सोडतात.

सुरुवात झाली पाच चौकटींपासून. जॉश वॉर्डल नावाच्या गृहस्थाने जोडीदारणीच्या विरंगुळ्यासाठी शब्द ओळखण्याचा एक खेळ रचला, ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढच्या जानेवारीच्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतही घेतला. रोज पाच अक्षरांचा एक शब्द, ओळखायला सहा संधी. नागपूरला शिकणाऱ्या नातवाने हा वर्डल आजोबांच्या फोनवर आणून दिला. ‘आबाजी, टाइमपास होईल,’ म्हणाला. वेळ कसा घालवायचा हा प्रश्न आबाजींचा सुटला आणि वेळ कसा काढायचा हा प्रश्न घरातल्या बाकीच्यांपुढे उभा राहिला.

हिरवं अक्षर बरोबर जागी, पिवळं शब्दात आहे पण जागा चुकलेली, करडं शब्दात नाहीच, असे नियम नातवाने सांगितले. गुरुजींनी ते तिथल्या तिथे शालेय करून टाकले. हिरवा म्हणजे हजर. पिवळा म्हणजे हजर, पण दुसऱ्याच्या बाकावर. करडा म्हणजे गैरहजर. त्यांच्या वहीतलं एखादं पान असं असतं: ‘आर हजर. ई दुसऱ्याच्या बाकावर. एस सलग तिसऱ्या दिवशी गैरहजर, पालकांना कळवणे.’ पहिला शब्द ठरलेला, ए-डी-आय-ई-यू. त्यात चार स्वरांची हजेरी एका दमात उरकते. हा निरोप घेतानाचा शब्द आहे, दिवस त्याने कसा सुरू करायचा, अशी शंका नातवाने काढली. ‘निरोप का घेना, चार पोट्टे त उभे राह्यले ना,’ गुरुजी म्हणाले.

नवा शब्द रात्री बाराला लागतो, म्हणून गुरुजी बारापर्यंत जागे. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी घ्यायला निघालेल्या माणसाला त्यांच्या ओट्यावर निळा उजेड दिसतो. तो विचारतो, ‘गुरुजी, झोप नाई का?’ अंधारातून उत्तर येतं, ‘वाय कोठी बसवू, ते सांग!’ तो माणूस फावडं खांद्यावर टाकून निघून जातो. रात्री उशिरा भुताशी बोलू नये हे त्याला लहानपणीच शिकवलेलं असतं.

वर्डल दिवसाला एकच शब्द देतो. अट्टल माणसाचं त्यात भागत नाही. मग मुलाने नागपूरहून स्क्रॅबलचा पट आणला आणि गुरुजींना त्यांचं कुलदैवत सापडलं: आल्फ्रेड मोशर बट्स. हा न्यूयॉर्क राज्यातला वास्तुरचनाकार. १९३० च्या दशकातल्या महामंदीत काम गेलं, तेव्हा त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून खेळातल्या अक्षरांची संख्या न् किंमत ठरवली. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने त्या खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं. एकूण १०० ठोकळे. त्यांत ई बारा आणि क्यू एकटा. एस मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर लोक दिसेल त्या शब्दाला एस लावून अनेकवचनावर गुजराण करत बसले असते. दोन ठोकळे कोरे, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारे. गुरुजी त्यांना ‘बदलीवरचे’ म्हणतात.

बेकार माणूस पेपर वाचतो हे गावाला पटतं. मोजतो, हे पटत नाही. गुरुजींना मात्र ते इतकं पटलं, की बट्सचा हिशोब त्यांनी सानगडीत पडताळून पाहिला. इंग्रजी पेपर रोज मिळत नाही, म्हणून युरियाच्या पोत्यावर. पोतं अंगणात आडवं घालून, चष्मा नाकावर ओढून, अक्षरामागे एक रेघ, पाचवी रेघ आडवी. खत घ्यायला आलेला शेजारी तासभर ताटकळला. शेवटी गुरुजींनी निकाल दिला, ‘खताची इंग्रजी येगरी हाय.’ शेजारी म्हणाला, ‘असन. आता पोतं द्या, धान पिवरा पडून राह्यला.’

अधिकृत यादीवर त्यांचा भलता जीव. कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत पावणेतीन लाखांवर शब्द आहेत, आणि यादीत नवा शब्द आला की गुरुजींच्या घरी शिरा होतो. २०१९ मध्ये ‘ओके’ हा दोन अक्षरी शब्द तिथे बसला. साकोलीवरून जाणाऱ्या महामार्गावर ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ किती वर्षांपासून लिहिलेलं आहे! हे कळलं त्या दिवशी गुरुजी साकोलीला मुद्दाम गेले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांकडे समाधानाने बघत राहिले. इतकी वर्षं बेकायदा धावणारी वाहतूक अखेर नियमित झाली होती.

पण त्यांचा खरा प्रांत म्हणजे बिनयूचा क्यू. इंग्रजीत क्यूच्या मागे यू येतोच येतो, हे शाळेत शिकवतात. सात ठोकळे वाट्याला आले, त्यात क्यू निघाला आणि यू नसला, की सामान्य माणूस कपाळाला हात लावतो. गुरुजी हात चोळतात. त्यांच्या वहीत ‘विद्यार्थी एकटा येतो, पालक सोबत नाही’ या मथळ्याखाली एक स्वतंत्र पान आहे. तिथे दोनच अक्षरांचा क्यू-आय आहे, चिनी लोकांचा प्राण. क्यू-ए-टी आहे, अरबस्तानात चघळतात तो पाला. हा मात्र पानठेल्यावर सर्वांच्या चटकन लक्षात राहिला. मग कादी, फकीर, बुरखा, तलाक, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे कव्वाली. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही ठोकळे एका खेपेला संपतात. अक्षरांचे बावीस आणि सात संपवल्याचे पन्नास मिळून बहात्तर, पटावरच्या रंगीत चौकटींचं वेगळं.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. रात्री कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे कव्वालीचा मुकाबला. अशाच एका मुकाबल्यात गुरुजी पुढच्या रांगेत बसले होते. गाणारी रंगात आली, लोक नोटा उधळू लागले, गुरुजींनी शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, ‘बहात्तर!’ शेजाऱ्याला वाटलं, बाईचं वय सांगतायत. त्याने नंतर बराच वेळ बाईकडे आदराने पाहिलं.

‘बिनास्वराचे’ हे दुसरं पान. ए, ई, आय, ओ, यू पैकी कोणीच नाही आणि तरी शब्द चालू. सी-डब्ल्यू-एम घ्या. वेल्श भाषेतून आलेला, उच्चार ‘कूम’सारखा, अर्थ डोंगरातली दरी. ‘सगरे मास्तर रजेवर, तरी वर्ग चालू,’ असा गुरुजींचा शेरा. असे वर्ग त्यांनी नोकरीत पाहिलेले होते.

आता कोणी विचारेल, एवढे शब्द जमवले, तर इंग्रजी आलं असेल. विचारणाऱ्याने एकदा एखादं पत्र घेऊन त्यांच्याकडे जावं. गावातला एकजण बँकेकडून आलेलं इंग्रजी पत्र घेऊन असाच गेला होता. गुरुजींनी पत्र उजेडात धरलं, वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, लाल पेनाने दोन ठिकाणी वर्तुळं केली. त्या माणसाचा जीव टांगणीला. ‘गुरुजी, काय मन्ते?’ गुरुजी म्हणाले, ‘क्यू दोन हायेत. एक रिक्वेस्टमंधी, एक इन्क्वायरीमंधी. पन दोघाच्याई मांगं यू.’ आवाजात निराशा स्पष्ट होती. त्या माणसाला वाटलं, कर्ज नामंजूर झालं. तो घरी जाऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने पत्र वाचून सांगितलं, की आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आहे.

अर्थाबद्दल टोकलं की गुरुजी नायजेल रिचर्ड्सचं नाव काढतात. हा न्यूझीलंडचा खेळाडू २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवड्यांत शब्दांची यादी डोक्यात भरली आणि फ्रेंच माणसांना त्यांच्याच भाषेत हरवून आला. २०२४ मध्ये हाच प्रयोग त्याने स्पॅनिशवर केला. ही गोष्ट सांगताना गुरुजींचा आवाज भरून येतो. ऐकणाऱ्याने दाद दिली तर ती पुन्हा सांगतात आणि नाही दिली तर समजली नसेल म्हणून पुन्हा सांगतात.

गंमत बाजूला ठेवून पाहिलं, तर त्या गोष्टीवर गुरुजी एवढे का भाळले ते कळतं. आपल्याकडे इंग्रजीची भीती शब्दांची नसते. आपण बोललो की समोरचा हसेल, ही ती भीती. तालुक्याच्या प्रशिक्षणवर्गात साहेब इंग्रजीत बोलू लागले, की गुरुजी पाण्याचा ग्लास तोंडाला लावत आणि साहेब मराठीवर येईपर्यंत खाली ठेवत नसत. शाळेतही इंग्रजीचा तास दुसऱ्याचा, इंग्रजीचा मान दुसऱ्याचा. स्क्रॅबलच्या पटावर हे सगळं गळून पडतं. तिथे उच्चार कोणी विचारत नाही, काळ विचारत नाही, कोणत्या शाळेत शिकलात ते विचारत नाही. अक्षरं आहेत, त्यांची किंमत ठरलेली आहे, बेरीज करा. साहेबांची भाषा एकदाची गणिताच्या तासाला येऊन बसली, आणि गणिताच्या तासाला गुरुजी कोणाला भीत नाहीत.

भीतात ते एका व्यक्तीला. पटावर समोर बसतात त्या काकू, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती. काकूंची इंग्रजी एबीसीडीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. पहिल्या डावात त्यांनी डी-ए-एल मांडलं. गुरुजी म्हणाले, हे चालणार नाही, ही डाळ आहे. यादी उघडली. चाललं. मग काकूंनी रोटी मांडली, ती चालली. घी चाललं, भाजी चालली, पनीर चाललं, बिडीसुद्धा चालली. प्रत्येक वेळी गुरुजी यादी उघडत आणि प्रत्येक वेळी हळूच मिटत. ‘हे इंग्रजी व्हय?’ काकू म्हणाल्या. ‘मंग मी त रोज इंग्रजीच रांधतो.’ कोस हे अंतर इंग्रजी यादीत सापडलं. टसर तर पाच-सहा स्पेलिंगांनी सापडलं. भंडाऱ्याच्या कोशाच्या साडीलाही एवढे पदर नसतील. मोहाच्या झाडाचीही तीच तऱ्हा. एम-ए-एच-यू-ए लिहिला तर दहा गुण, एम-ए-एच-डब्ल्यू-ए लिहिला तर तेरा. हे गुरुजींनी पानठेल्यावर कौतुकाने सांगितलं, तेव्हा एक शेतकरी गंभीर झाला. ‘मोह तोच, लिवनं बदललं त भाव वाढते? मंग आमच्या धानाचं स्पेलिंग कोन बदलवते, त्याले भेटवा.’

अशा गोष्टी आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवल्या आहेत, हे साकोलीच्या एका मराठीच्या प्राध्यापकांनी गुरुजींना सांगितलं. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यात वर्ज्य. त्याच्याही हजारएक वर्षं आधी दंडीने ‘दशकुमारचरिता’त हीच करामत केली, तिथल्या मंत्रगुप्ताचा ओठ प्रेयसीने चावलेला, म्हणून तो आपली सगळी कहाणी ओष्ठ्य अक्षरं टाळून सांगतो. दंडीचं कारण गुरुजींनी पानठेल्यावर सांगितलं नाही. मोरोपंतांचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. म वर्ज्य म्हणजे राम गेला. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला, बिभीषण तर दोनदा गेला. वनवासाला गेलेल्या तिघांत नावानिशी हजर एकटी सीता! ‘वर्गात एकच पोरगी, आन् तरी पंतांनी पुरा पोर्शन घेतला,’ गुरुजी भारावून म्हणाले.

ठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला. इकडच्या झाडी बोलीत ण नाही आणि ळ नाही. ण चा न होतो आणि ळ चा र. तो म्हणाला, ‘पंतानं पाच अक्सरं सोडली त त्याचं एवढं नाव. आमी बापजाद्यापासून ‘नळातला’ आन् ‘बाणातला’ सोडून बोलून राह्यलो, आमाले कोनं बक्सीस देल्लं?’ ती दोन अक्षरं निव्वळ ओळख पटवण्यापुरती त्याने मोठ्या कष्टाने उच्चारली आणि लगेच पाण्याची चूळ भरली. गुरुजींकडे उत्तर नव्हतं. त्यांनी वही उघडली, नवं पान घेतलं आणि वर लिहिलं: ‘कायमचे गैरहजर.’

सध्या त्यांनी सगळ्यांत मोठं काम हाती घेतलं आहे. स्क्रॅबलमध्ये विशेषनाम चालत नाही. त्यामुळे भंडारा नाही, साकोली नाही, सानगडी नाही. किल्ला असलेलं गाव, तलावांचा मुलूख, आणि यादीत जागा नाही, हे गुरुजींना सलतं. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: एस-ए-एन-जी-ए-डी-आय. बरोबर सात अक्षरं! जेवढे ठोकळे हातात, तेवढीच. म्हणजे हीच सात अक्षरं उलटसुलट करून एखादा रीतसर इंग्रजी शब्द निघाला, तर सानगडी वेषांतर करून यादीत शिरली, आणि वर पन्नास गुण. सात अक्षरांच्या मांडण्या ५०४०. ए दोनदा आहे म्हणून निम्म्या, २५२०. कोणताही शॉर्टकट न घेता गुरुजी एकेक मांडणी वहीत लिहितात, मोठ्याने वाचतात, यादीत शोधतात आणि लाल फुली मारतात. तुकड्यांत माल बरा निघतो. ‘सिंग’ आहे, ‘सँग’ आहे, ‘सँड’ आहे, ‘गेन’ आहे, आणि पुन्हा पुन्हा ‘अगेन’ आहे. पण गुरुजींना पूर्ण सातच हवी आहेत. संध्याकाळी किल्ल्याकडे फिरायला जाणारी पोरं त्यांच्या तोंडचे ‘गसानदी’, ‘दिसगाना’, ‘नागदिसा’ असे उच्चार ऐकतात आणि गुरुजींनी मंत्र सिद्ध करायला घेतला आहे असं घरी सांगतात. एक आजीबाई नातीची नजर उतरवायला येऊनही गेल्या. गुरुजींनी अकरा मांडण्या वाचल्या. पोरगी खरंच रडायची थांबली.

यंदा दिवाळीला नातू आला तो नवी बातमी घेऊन. एवढी वही कशाला, आबाजी? फोनवर सोय आहे. हवी ती अक्षरं टाका, नकोत ती वगळा, सगळे शब्द समोर. त्याने टाकलं: क्यू पाहिजे, यू नको. बोट उचलायच्या आत यादी आली. वर्षानुवर्षांचं पान एका टिचकीत पडद्यावर! काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सुनेने कुकरचा गॅस बंद केला. आता म्हाताऱ्याला काय वाटेल, या विचाराने नातवाचाही चेहरा उतरला.

गुरुजींनी चष्मा पुसला. लाल पेन काढलं. फोन डावीकडे, वही उजवीकडे, आणि एकेक शब्द ताडून पाहायला सुरुवात केली. जेवण गार झालं. फोनकडे वहीतले सगळे शब्द होते आणि वर आणखी बरेच होते. शेवटच्या शब्दावर बरोबरची खूण करून गुरुजींनी मान वर केली.

‘उत्तरं बरोबर हायेत,’ ते म्हणाले. ‘पायऱ्या कोठी हायेत?’

‘पायऱ्या नसतात, आबाजी. डायरेक्ट उत्तर येतं.’

‘पायऱ्या नाई त अर्धे गुण.’ आणि त्यांनी वहीत फोनच्या नावापुढे दहापैकी पाच लिहून, खाली रेघ मारून, तारखेसह सही केली.

नातवाला हुरूप आला. ‘मग सानगडीची सात अक्षरं टाकून बघू? दोन मिनिटांत सांगतो, शब्द आहे की नाही.’

गुरुजींनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि पालथा घातला.

‘खबरदार! तो गृहपाठ माहा हाय. आन् दहापैकी पाचवाल्याची कापी कोन करते बे?’